मन, श्वास आणि रोगप्रतिकारशक्ती

पणजी शहरात मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी, एक पुतळा उभा आहे. झगा घातलेला एक धर्मगुरू दोन्ही हात पुढे करून उभा असून त्याच्या समोर एक स्त्री निद्रावश होऊन कलत आहे. सहलीच्या वेळी आमचे विद्यार्थी हा पुतळा पाहतात आणि "सर, हा जादूगार काय?" असे विचारतात. हा जादूगार नव्हे. हे आबे फारिया. त्यांचा जन्म इ. स. १७५६ मध्ये बारदेशातील कांदोळी गावी झाला. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली उभारण्यात आला.

फारियांविषयी आमच्या गोव्यात एक आख्यायिका घरोघर सांगितली जाते. तरुणपणी लिस्बन येथे राणीसमोर प्रवचन देण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. समोरचा थाटमाट पाहून त्यांची जीभ टाळ्याला चिकटली, शब्द फुटेना. तेव्हा जवळच असलेले त्यांचे वडील हळूच कोकणीत म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" समोर बसलेल्यांना भाजीपाला समज आणि चिरत जा, असा त्याचा भाव. त्या शब्दांसरशी भीती ओसरली आणि वाणी मोकळी झाली. पुढे १८१३ साली पॅरिसमध्ये फारियांनी आपले प्रयोग लोकांपुढे मांडले. त्या काळी युरोपात अशी समजूत होती, की प्रयोगकर्त्याच्या देहातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि त्यामुळे समोरच्या मनुष्यास निद्रा येते. फारिया म्हणाले, द्रव वगैरे काही नाही. जे काही घडते ते त्या मनुष्याच्या स्वतःच्या मनात घडते. १८१९ साली पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला.

आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. भीती ही मनातली गोष्ट. जीभ कोरडी पडणे ही शरीरातली. मग एक दुसरीपर्यंत पोहोचते कशी? आणि मन जर तोंडातील लाळ सुकवू शकते, तर ते रोगाशी झुंजणाऱ्या रक्तातील पेशींपर्यंतही पोहोचू शकेल काय? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही वैद्य नव्हे, कलाशाखेचे पदवीधर आहोत. तथापि या विषयाने आमच्या घरात एकदा मोठी किंमत वसूल केली आहे. म्हणून तो आम्ही शक्य तितक्या काळजीने अभ्यासिला.

शरीराचे संरक्षक दल

प्रथम रोगप्रतिकारशक्ती म्हणजे काय ते पाहू. अनवाणी चालताना पायात काटा मोडला, की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस या रोमन ग्रंथकाराने एकत्र नोंदवून ठेवली आहेत. या स्थितीस शास्त्रात दाह असे म्हणतात.

दाह हा रोग नव्हे. ती शरीराची लढाई आहे. ही लढाई प्रथम पाहिली ती एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे त्याने समुद्रातील तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात एक बारीक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतो तो काय, सभोवतालच्या फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या! परक्या वस्तूस वेढून गिळून टाकणाऱ्या या पेशींच्या शोधाबद्दल त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

आपल्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये अशा संरक्षक पांढऱ्या पेशी सामान्यतः चार हजार ते अकरा हजार असतात. त्यांचे अनेक प्रकार आहेत. काही जंतू गिळतात. काही प्रतिपिंडे तयार करतात. आणि 'नैसर्गिक मारक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही पेशी विषाणूंनी ग्रासलेल्या पेशींचा नाश करितात. या पेशी एकमेकींना निरोप पाठवितात ते सायटोकाईन नावाच्या प्रथिनांच्या द्वारे. इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ ही त्यांपैकी दोन महत्त्वाची नावे. दाह पेटवा, कुमक पाठवा, असा हा निरोप असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चूल वेळेवर पेटली पाहिजे, तशी ती वेळेवर विझलीही पाहिजे. जंतू मेल्यावर दाह शमला तर जखम भरते. तो मंद आचेवर वर्षानुवर्षे धुमसत राहिला, तर रक्तवाहिन्या, सांधे इत्यादींची हानी होते. हृदयविकार आणि मधुमेह यांच्या वाढीत या धुमसत्या दाहाचा हात असतो, असे आता मानले जाते. म्हणून "प्रतिकारशक्ती वाढवा" असे जे जाहिरातींत सांगतात ते अर्धसत्य होय. आमवातासारख्या विकारात तर हे संरक्षक दल आपल्याच सांध्यांवर चालून जाते. शरीरास हवा असतो तो प्रतिकाराचा समतोल. केवळ वाढ नव्हे.

मनापासून शरीरापर्यंतच्या दोन वाटा

आता मनाकडे वळू. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की भीती किंवा क्रोध उत्पन्न होताच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात येते. छाती धडधडते, श्वास जलद होतो, स्नायूंकडे रक्त धावते. वाघ समोर आला असता पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही उत्तम तयारी आहे.

परंतु वाघ रोज समोर राहिला तर? या प्रश्नाचे उत्तर हान्स सेल्ये याने १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या पत्रात सापडते. कडाक्याची थंडी, जखम, अतिश्रम, औषधांची अतिमात्रा अशा अगदी भिन्न भिन्न संकटांत त्याने उंदीर ठेवले, तरी त्यांच्या शरीरात फरक मात्र सारखेच झाले. अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, जठरात व्रण पडले आणि पांढऱ्या पेशींचे एक प्रमुख शिक्षणस्थान असलेली थायमस ग्रंथी आकसून गेली. दीर्घकाळच्या ताणाची झळ रोगप्रतिकाराच्या अवयवांना लागते, याचा हा स्पष्ट पुरावा होता.

ही झळ पोहोचण्याची पहिली वाट रक्तातून जाते. मेंदूतील अधश्चेतक हा भाग पियुषिका ग्रंथीस आज्ञा देतो, ती अधिवृक्क ग्रंथीस आज्ञा देते आणि रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. कॉर्टिसॉल दाह शमविते. याच कुळातील कॉर्टिसोन १९४८ साली अमेरिकेत आमवाताच्या रोग्यास प्रथम देण्यात आले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे थोड्याच दिवसांत हिंडूफिरू लागली.

चाणाक्ष विद्यार्थी येथे शंका काढील, की ताणामुळे दाह शमविणारे संप्रेरक वाढते, तर ताणग्रस्त माणसात दाह कमी असावयास हवा. तो अधिक कसा? शंका रास्त आहे. याचे उत्तर शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रयोगाने पुढे आणले. एखाद्या घरात वडीलमाणूस दिवसभर ओरडत राहिले, की पोरे त्यांच्याकडे लक्ष देईनाशी होतात. तद्वत कॉर्टिसॉलचा निरोप सतत येत राहिला, की पेशी त्याला बधिर होतात. मग दाह शमविण्याची आज्ञा असूनही ती पाळली जात नाही.

दुसरी वाट मज्जातंतूंतून जाते. मेंदूच्या तळापासून निघून मान, छाती व पोट असा दूरवर पसरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू आहे. हृदयाची गती मंद करणे, अन्नपचनास चालना देणे ही त्याची कामे पूर्वीपासून ठाऊक होती. २००० साली केविन ट्रेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की उंदरांच्या अंगात जंतूंचे विष टोचले असताना विजेने हा तंतू चेतविला, तर टीएनएफची निर्मिती घटते. म्हणजे मेंदूकडून दाहाला लगाम घालणारी एक तारच शरीरात बसविलेली आहे! २०१६ साली आमवाताच्या थोड्या रोग्यांवर याच तत्त्वाचा प्रयोग होऊन त्यांच्यातही टीएनएफ घटल्याचे आढळले.

परीक्षा, जखम आणि सर्दी

वरील प्रयोग बहुतांशी प्राण्यांवरचे झाले. माणसांचे काय? योगायोग असा, की या बाबतीत सर्वांत उद्बोधक प्रयोग विद्यार्थ्यांवरच झालेले आहेत. अमेरिकेतील ओहायो राज्यात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांचे पती रोनाल्ड ग्लेझर यांनी वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या ७५ विद्यार्थ्यांचे रक्त परीक्षेपूर्वी एक महिना आणि पुन्हा परीक्षेच्या पहिल्या दिवशी तपासले. परीक्षेच्या दिवशी नैसर्गिक मारक पेशींचे कार्य मंदावलेले दिसले. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांना फार एकाकी वाटत होते, त्या विद्यार्थ्यांत हे कार्य इतरांहून कमी होते.

याच मंडळींचा १९९८ सालचा प्रयोग तर विशेष मनोरंजक आहे. दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूवर उन्हाळ्याच्या सुट्टीत एक छोटीशी जखम करण्यात आली. पुढे परीक्षेच्या तीन दिवस आधी तेवढीच जखम दुसऱ्या बाजूस करण्यात आली. माणूस तोच, टाळू तीच, जखमही तेवढीच. परंतु परीक्षेच्या वेळची जखम भरून येण्यास सरासरी तीन दिवस, म्हणजे शेकडा ४० इतका अधिक वेळ लागला. सुट्टीतल्या वेगाने जखम भरून आली असा एकही विद्यार्थी त्यांत नव्हता.

कोहेन यांनी १९९१ साली सर्दीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले. विषाणू सर्वांना मिळाले, सर्दी मात्र सर्वांना झाली नाही. ज्याच्या मनावरील ताण जितका अधिक, तितका त्याला सर्दी होण्याचा संभव अधिक, असे दिसून आले. २०१५ सालच्या अशाच एका अभ्यासात १६४ माणसांच्या झोपेचे मोजमाप केले गेले. रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या मानाने चौपटीहून अधिक निघाली. परीक्षेच्या आधी रात्र रात्र जागणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा आकडा आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

शरीर शिकते

रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांचा १९७५ सालचा प्रयोग या शास्त्राचा पायाच मानला जातो. एडर उंदरांना सॅकरीनचे गोड पाणी पाजून लगेच पोटात मळमळ उत्पन्न करणारे औषध टोचीत असत. पुढे औषध बंद करून नुसते गोड पाणी दिले, तरी काही उंदीर मरू लागले. हे कोडेच होते. ते औषध मळमळ तर उत्पन्न करीच, पण त्याचबरोबर रोगप्रतिकारशक्तीही दडपून टाकी. मग दोघांनी मिळून पद्धतशीर प्रयोग केला आणि असे सिद्ध केले, की गोड चवीचा औषधाशी संबंध जुळल्यावर केवळ त्या चवीनेच उंदरांत प्रतिपिंडे कमी तयार होतात. घंटा ऐकून पावलॉवच्या कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटावे, तसे रोगप्रतिकाराचे दलही अनुभवावरून शिकते. यापूर्वी हे दल मेंदूपासून स्वतंत्र आहे असे पाठ्यपुस्तके शिकवीत. ती भिंत या प्रयोगाने ढासळली.

आसन, प्राणायाम व ध्यान यांचा प्रभाव

ताणाने जर अपाय होतो, तर ताण शमविणाऱ्या साधनांनी उपाय होतो काय? असा प्रश्न प्रयोगशाळेत नेणाऱ्या पहिल्या पुरुषांत एका मराठी माणसाचे नाव घ्यावे लागते, याचा आम्हांस अभिमान वाटतो. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ साली डभोई येथे झाला. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली ते तयार झाले. योगक्रियांनी शरीरात नेमके काय घडते हे पाहण्यासाठी त्यांनी १९२०च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौली यांचे परीक्षण आरंभिले आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. श्रद्धा असलेल्या गोष्टीचीही परीक्षा घेतली पाहिजे, हा त्यांचा बाणा आम्हांस अनुकरणीय वाटतो.

अलीकडील काही प्रयोग असे. २००३ साली अमेरिकेत काही नोकरदारांना आठ आठवडे ध्यान शिकवून नंतर इन्फ्लुएंझाची लस टोचली. ध्यान न शिकलेल्यांच्या मानाने त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे अधिक वाढली. परंतु माणसे चाळीस-एकेचाळीसच होती, हे विसरू नये. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कीकोल्ट-ग्लेझर यांच्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगावरील उपचार पूर्ण झालेल्या २०० स्त्रिया होत्या. त्यांतील निम्म्यांनी बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास योगासने केली. त्यानंतर तीन महिन्यांनी त्यांचा थकवा उरलेल्या स्त्रियांच्या मानाने कमी होता आणि त्यांच्या रक्तपेशी दाहजनक सायटोकाईनही कमी प्रमाणात निर्माण करीत होत्या.

त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये २४ निरोगी पुरुषांच्या रक्तात जंतूंचा विषारी अंश टोचण्यात आला. त्यांपैकी बारा जणांनी आधी दहा दिवस ध्यान, वेगवान श्वसन आणि थंडी सोसणे यांचे शिक्षण घेतले होते. या बारा जणांत दाहजनक द्रव्ये कमी वाढली आणि तापासारखी लक्षणेही सौम्य राहिली. येथे एक मर्म आहे. या माणसांच्या अंगी शांती उतरली नव्हती. उलट त्यांच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढले होते! म्हणजे सर्व श्वसनक्रिया एकाच वाटेने काम करीत नाहीत. संथ श्वास व्हेगसच्या वाटेने जातो, भस्त्रिकेसारखा वेगवान श्वास दुसऱ्या. म्हणूनच कोणती क्रिया, कोणासाठी आणि किती, हा विवेक आवश्यक ठरतो. वेगवान श्वसन करून पाण्यात बुडी मारणे तर प्राणघातक होय. त्यामुळे श्वासाची ऊर्मी दबून पाण्याखालीच शुद्ध हरपते. नदी आणि समुद्र यांच्या काठी राहणाऱ्या आमच्या मुलांनी हा खेळ चुकूनही करू नये.

२०१६ साली ध्यानावरील वीस प्रयोगांचा, म्हणजे १,६०२ माणसांवरील निष्कर्षांचा, एकत्रित आढावा घेण्यात आला. दाहाच्या काही खुणा घटल्याचे संकेत त्यात मिळाले; पण परिणाम सर्वत्र सारखे नव्हते, आणि हे प्रयोग पुन्हा करून पाहिल्याशिवाय पक्का निर्णय देऊ नये, असे आढावा घेणाऱ्यांनीच बजावले. आमच्या मते हा सावधपणा म्हणजेच शास्त्र होय.

मर्यादा आणि आमच्या घरचा अनुभव

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो. आमच्या मातोश्रींना आमवात आहे. औषधाने तो बराचसा आटोक्यात होता. काही वर्षांपूर्वी आम्हीच त्यांना एका शिबिरास घेऊन गेलो. प्राणायामाने त्यांना खरोखरच हुशारी वाटू लागली, झोप लागू लागली. पुढे तेथील एका गृहस्थांनी सांगितले, की मन शुद्ध झाले म्हणजे गोळ्यांची गरज उरत नाही. मातोश्रींनी गोळ्या बंद केल्या. आम्हांस ते ठाऊक होते. पण त्यांचा उत्साह पाहून आम्ही गप्प राहिलो. आठ महिन्यांनी त्यांच्या हाताची बोटे सुजून वाकडी होऊ लागली. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, "तुमचे मन स्थिर नाही, म्हणून गुण येत नाही." ज्या बाईंनी उभा जन्म पहाटे उठून साऱ्या घराचे केले, त्या रात्री अंथरुणात बसून, आपले मन कोठे चुकले, हे शोधीत असत. शेवटी एके सकाळी विळीवर भाजी चिरताना त्यांच्या हातातून भाजीची जुडी सुटली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवशी आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी क्ष-किरणाचे चित्र उजेडावर धरून कुरतडलेली हाडे दाखविली आणि सांगितले, "प्राणायाम सोडू नका, पण गोळ्या कधीच सोडू नका." औषध पुन्हा सुरू झाले, सूज उतरली. बोटे मात्र पूर्ववत झाली नाहीत, होणारही नाहीत. आज मातोश्री पहाटे प्राणायाम करितात आणि न्याहारीनंतर गोळी घेतात. भाजी आम्ही चिरतो.

या अनुभवात दोन चुका आहेत. पहिली चूक, साहाय्यक साधनास मुख्य उपचाराची जागा देणे. प्रयोगांत दाहाच्या खुणा थोड्या घटतात हे खरे, पण थोड्या घटणे आणि रोग बरा होणे यांत फार अंतर आहे. १९८९ साली एका अभ्यासात असे दिसले होते, की एकत्र बसून मन मोकळे करणाऱ्या कर्करोगी स्त्रिया अधिक काळ जगल्या. त्या वार्तेने जगभर आशा निर्माण झाली. परंतु २००१ आणि २००७ साली हा प्रयोग अधिक स्त्रियांवर पुन्हा केला गेला, तेव्हा आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. २००१च्या अभ्यासात त्यांची वेदना आणि दुःख मात्र हलके झाले होते. हा लाभ लहान नव्हे. पण तो आयुष्यवाढ नव्हे.

दुसरी चूक पहिलीहून क्रूर आहे. मनाचा शरीरावर परिणाम होतो यावरून, रोग झाला तो मनाच्या दोषामुळे, असे अनुमान काढणे. सेल्येचे उंदीर दुर्बल मनाचे नव्हते. ते थंडीत ठेवलेले होते. कोहेन यांच्या स्वयंसेवकांना सर्दी झाली ती विषाणूमुळे. ताणाने केवळ दार किलकिले केले. रोग्यास औषध द्यावे, सोबत द्यावी, धीर द्यावा. दोष देऊ नये.

विद्यार्थ्यांनी काय करावे

विद्यार्थी मित्रहो, एक प्रयोग तुम्ही आजच करून पाहा. शांत बसून डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटे ठेवा आणि नाडी शोधा. मनात चार अंक मोजीत श्वास आत घ्या आणि सहा अंक मोजीत सोडा. असे काही वेळा केल्यावर लक्ष दिलेत, तर श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होते असे जाणवेल. तरुण वयात हा फरक अधिक स्पष्ट असतो. श्वास सोडताना नाडी मंद करणारा तोच तो व्हेगस. यासाठी ना यंत्र लागते, ना पैसा.

परीक्षेच्या दिवसांत पुढील गोष्टी पाळाव्या, असे आम्ही सुचवितो. रात्रीची झोप मोडू नये. रोज थोडा वेळ मैदानात घाम गाळावा. अभ्यासाला बसण्यापूर्वी पाच मिनिटे संथ श्वास घ्यावा. श्वास कोंडून धरण्याची स्पर्धा करू नये, आणि दमा, हृदयविकार यांसारखी व्यथा असल्यास जाणत्याच्या व डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणतीही जोरकस क्रिया करू नये. वर्गात कोणी एकटा पडला असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसावे. एकाकीपणाची झळ कोठवर पोहोचते ते आपण वर पाहिलेच आहे. लस वेळेवर घ्यावी. आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध कोणाच्याही सांगण्यावरून, आमच्याही सांगण्यावरून, बंद करू नये.

पालकांसही एक विनंती आहे. मुलांना गुणांचा धाक घालताना तो धाक केवळ त्यांच्या कानांपाशी थांबत नाही, हे ध्यानी असू द्यावे. परीक्षेच्या सकाळी मुलाचे तोंड कोरडे पडलेले दिसले, तर फारियांच्या वडिलांची आठवण ठेवावी. त्यांनी पोरास रागे भरले नाही. आपल्या घरच्या बोलीत, जवळ उभे राहून, एकच वाक्य ते बोलले.

मनाला शरीरात जाण्यास वाटा आहेत, त्या लांबवर जातात, आणि संथ श्वास, निद्रा, व्यायाम व सोबत यांनी त्या काही अंशी आपल्या हाती येतात, एवढे आज खात्रीने म्हणता येते. याहून अधिक जो कोणी छातीठोकपणे सांगेल, त्याला आमच्या विद्यार्थ्यांनी नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत: प्रयोग किती माणसांवर झाला? तुलनेसाठी दुसरा गट होता काय? आणि तो पुन्हा कोणी करून पाहिला काय? आम्ही हे प्रश्न वेळीच विचारले नाहीत, म्हणून आज येथे लिहून ठेवीत आहोत.